फोटोला रफू

मुलांनो, तुमच्या घरातल्या भिंतीवर एखादा जुना फोटो आहे का? लाकडी चौकटीतला, खिळ्याला टांगलेला, वर्षातून एकदा दसऱ्याच्या साफसफाईला खाली उतरणारा? त्याच्यामागे पाल हमखास राहते, आणि कधीकधी चिमणीचं घरटंसुद्धा सापडतं! तर आज मी तुम्हाला अशाच एका फोटोची गोष्ट सांगणार आहे. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा गावातली.

झालं असं, की परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना सांगितलं होतं, "घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाबद्दल दहा ओळी लिहून आणा." बाकीच्यांनी वह्या आणल्या. एक मुलगा मात्र कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत टॉवेल, टॉवेलात चौकट.

"बाई, आजी म्हणाली जपून धरा. यात पणजी आहे."

मी चौकट उजेडात धरली. पणजी कुठे दिसेना! पावसाचं पाणी झिरपून फोटोवर वरपासून खालपर्यंत पिवळा-तपकिरी डाग पसरला होता. मानेवर आडवी पांढरी घडी होती. जागोजागी बुरशीचे ठिपके पडले होते. खालचा डावा कोपरा तर कसरीने पार खाऊन टाकला होता. नीट निरखल्यावर डागाच्या आड एक बाई दिसली. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, नाकात नथ, कपाळावर मोठं कुंकू. फोटो काळा-पांढरा होता, पण ते कुंकू मात्र लाल. त्या काळी फोटोवाले धुतलेल्या फोटोवर ब्रशने असे रंग भरून देत.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. आजींचं वय ऐंशीच्या घरात असेल. त्या म्हणाल्या, "बेल्ह्याच्या बाजारात फोटोवाला आला व्हता. काळ्या फडक्यात डोस्कं घालायचा. आईला लई भ्या वाटत व्हतं. फोटो काढला की आयुष्य कमी व्हतं म्हनायचे ना! पर बापानं ऐकलं नाय. मी बी व्हते फोटोत. आईच्या बाजूला उभी व्हते."

घरातली सगळी हसली. कारण फोटोत मुलगी कुठेच नव्हती. "आजीला आता काहीबाही आठवतं," असं मुलाच्या काकाने मला हळूच सांगितलं.

गंमत पाहा. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी उत्तम फोटो काढत असत. पण खेड्यातल्या बाईच्या वाट्याला त्यानंतर शंभर वर्षांनीसुद्धा जन्मात एकच फोटो येत होता, तोही भीत भीत. म्हणून तर हा एवढा मोलाचा. दुसरा नाहीच!

काकाने एक उद्योग आधीच करून ठेवला होता. मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढून तो एका ॲपला दिला होता. अर्ध्या मिनिटात ॲपने डाग घालवले, रंग भरले, चेहरा चकचकीत केला. कोपऱ्यात काही नव्हतं, तिथेही भराव घातला. काकाने कौतुकाने मोबाईल आजींसमोर धरला. आजींनी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कोन ही?"

"अगं आजी, तुझी आई!"

"माझी आई नाय ही. हिचं गोंदण कुठंय? आन् आईनं निळं लुगडं कधी नेसलं नाय. हे कुनाचं तरी गोरं लेकरू आनून बसवलंय."

मोबाईल परत देऊन त्या आत चुलीपाशी निघून गेल्या. काकाचा चेहरा पडला. त्याने काही वाईट हेतूने केलं नव्हतं हो.

आता ॲपने असं का केलं? ते कळायला आधी फोटो म्हणजे काय ते पाहू.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत काळं जे दिसतं ती चांदी असते. होय, खरोखरची चांदी! कागदावर जिलेटीनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे अतिशय बारीक कण अडकलेले असतात. कण दाट असतील तिथे काळं, विरळ असतील तिथे राखाडी, नसतील तिथे पांढरं. जिलेटीन तयार होतं जनावरांच्या हाडा-कातड्यापासून. म्हणून ते बुरशीलाही आवडतं. दमट हवेत ते फुगतं, चिकट होतं आणि चौकटीच्या काचेला धरून बसतं.

संगणकाला मात्र चांदी कळत नाही, त्याला कळतात आकडे. फोटो संगणकात घालायचा म्हणजे त्याचे बारीक चौकोनी ठिपके करायचे आणि प्रत्येक ठिपका किती उजळ आहे त्याचा आकडा लिहायचा. हे पहिल्यांदा केलं अमेरिकेतल्या रसेल किर्श या संशोधकाने, १९५७ साली. आणि पहिला फोटो कुणाचा निवडला? आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा! पाच सेंटिमीटर लांब-रुंद फोटो, १७६ ठिपके आडवे आणि १७६ उभे. म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. आपला पणजींचा फोटो चार बाय सहा इंचांचा. इंचाला ६०० ठिपके घेतले, तर २,४०० गुणिले ३,६००. करा बरं गुणाकार! ८६ लाख ४० हजार ठिपके. प्रत्येकाला ० ते २५५ पैकी एक आकडा. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र.

डाग पडला किंवा कोपरा गेला, की तिथले खरे आकडे जातात. मग दोन मार्ग उरतात. एक म्हणजे आजूबाजूला आणि डागाखाली काय शिल्लक आहे ते चिकाटीने शोधायचं. दुसरा म्हणजे अंदाज बांधायचा. कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप्स अंदाज बांधतात. त्यांना आधी लाखो चेहरे दाखवलेले असतात. त्यावरून 'नाक साधारण असं, गाल साधारण असे' हे ती शिकतात आणि रिकाम्या जागी तो साधारण चेहरा बसवतात. ज्या चेहऱ्यांवरून ती शिकली, त्यांत गोंदलेल्या हनुवटीच्या बायका कितीशा असणार?

हे फक्त आपल्या आजींच्याच बाबतीत घडलं असं समजू नका. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी धूसर फोटो स्पष्ट करणारी एक पद्धत काढली. कुणीतरी तिला बराक ओबामा यांचा मुद्दाम धूसर केलेला फोटो दिला. ओबामा म्हणजे अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. आणि बाहेर आला चक्क एक गोरा माणूस! संशोधकांनी आधीच बजावलं होतं, की आमची पद्धत जगात नसलेले, कल्पनेतले चेहरे तयार करते, तिने कुणाची ओळख पटवू नका.

आणि चुकीचा चेहरा एकदा रूढ झाला की तो लवकर उतरत नाही, बरं का. आपल्या जुन्नरच्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांचंच पाहा ना. त्यांचं म्हणून एक चित्र पूर्वी सर्रास छापलं जाई. ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या माणसाचं होतं! इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुनी युरोपीय कागदपत्रं धुंडाळून महाराजांचं खरं चित्र शोधलं आणि १९३३ साली लोकांसमोर आणलं. तोवर किती जणांनी त्या दुसऱ्याच माणसाला नमस्कार केला असेल!

मी आजींना म्हटलं, "मी प्रयत्न करते. पण तुम्हाला माझ्याजवळ बसावं लागेल. तुमच्या आईला पाहिलेलं माणूस आता तुम्ही एकट्याच आहात."

"बसते की. मला कुठं कलेक्टर कचेरीत जायचंय!"

पहिली अडचण काचेची. फोटो काचेला चिकटलेला होता. मुलगा उत्साहाने म्हणाला, "बाई, पट्टीने सोडवू का?" मी ओरडलेच! असं ओढलं की चांदीचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. अशा वेळी काचेसकटच स्कॅन करावं. शाळेजवळच्या दुकानातल्या चपट्या नव्या स्कॅनरवर चित्र धूसर आलं, कारण काचेच्या जाडीमुळे फोटो वर उचलला गेला होता. शेवटी नारायणगावात एका दुकानात जुना, जाडजूड स्कॅनर सापडला. त्याच्यावर झकास आलं. जुन्या यंत्राला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्कॅनर नसेलच, तर दिवसा सावलीत फोटो ठेवून कॅमेऱ्याने टिपता येतो. फक्त काचेत आपलंच प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यामागे काळं कापड धरायचं.

स्कॅन रंगीतच करायचं, बरं का, फोटो काळा-पांढरा असला तरी! का ते सांगते. त्याआधी हा प्रयोग करून पाहा. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने एक चेहरा काढा. त्यावर पिवळ्या आणि लाल खडूने भरपूर रेघोट्या मारा. आता लाल जिलेटीन कागद डोळ्यांसमोर धरून पाहा. रेघोट्या जवळजवळ नाहीशा होतात आणि पेन्सिलीचा चेहरा तेवढा उरतो!

संगणक रंगीत चित्र तीन भागांत साठवतो. लाल, हिरवा आणि निळा. मी गिम्प नावाच्या, फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमात फोटो उघडला आणि फक्त निळा भाग पाहिला. डाग काळाठिक्कर! कारण पिवळा डाग निळा प्रकाश गिळतो. मग फक्त लाल भाग पाहिला. डाग जवळजवळ गायब, आणि त्याच्याखालून गाल, कानातली कुडी, पदराचा काठ असं सगळं हळूच वर आलं. ते सगळं तिथेच होतं, इतकी वर्षं!

मी आनंदाने पडदा आजींकडे वळवला. आजी दचकल्या.

"अवं बाई, कुंकू पुसलंत की माज्या आईचं!"

खरंच की. रंगवलेलं कुंकूही लालच. लाल भागात तेही फिकट होऊन गेलं होतं. मला तो नुसता एक ठिपका, पण आजींना त्याचा केवढा धक्का! त्यांची आई नवऱ्याच्या आधी गेली होती, भरल्या कपाळाने. मी घाईघाईने लाल भाग फक्त डागापुरता वापरला, कपाळ मूळ रंगीत फोटोतलं परत घेतलं. कुंकू जागेवर आल्यावरच आजी पुन्हा टेकून बसल्या.

यापुढचं काम म्हणजे निव्वळ चिकाटी. मूळ स्कॅनला हातच लावायचा नाही. त्यावर पारदर्शक कागद ठेवल्यासारखे थर घालायचे आणि दुरुस्ती त्या थरांवर करायची. चुकलं की थर काढून टाकला, खाली फोटो जसाच्या तसा. बुरशीचा पांढरा ठिपका आला, की शेजारच्या चांगल्या जागेतले ठिपके उचलून तिथे बसवायचे. आजींनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर रफू हाय." अगदी बरोबर! चांगला रफूवाला त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतला धागा काढतो आणि विणतो. दुसऱ्या कापडाचा तुकडा लावला, की त्याला आपण ठिगळ म्हणतो. काकाच्या मोबाईलमधलं ते ठिगळ होतं, पार परक्या कापडाचं.

शाळा सुटल्यावर रोज तासभर, असे अकरा दिवस गेले. एकदा तर मीच घोटाळा केला. हनुवटीवरचे तीन काळे ठिपके मी माशांचे डाग समजून पुसून टाकले. आजींनी माझा हातच धरला. तेच तर गोंदण! मी थर काढला, ठिपके परत आले. त्या दिवसापासून मी काहीही पुसण्याआधी विचारायचा नियम केला. "हे काय आहे, आजी?" "ती देवीच्या फोडाची खूण. राहू द्या." "आणि हे?" "ते मला नाय ठावं. घान असंल." अशी आमची प्रश्नोत्तरं चालायची. शेजारी बसून तो मुलगा वहीत लिहून घ्यायचा. त्याच्या दहा ओळींच्या जागी वही भरत आली. लुगडं हिरवं होतं, काठ लाल होता, कुडी पुढे विकावी लागली, हेही त्यात आलं.

रंग मात्र आम्ही भरले नाहीत. काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवं आणि लाल कधीकधी सारखंच करडं दिसतं. हिरवा कोणता, पोपटी की गर्द, हे सांगायला फोटो तयार नव्हता आणि आजींनाही खात्री नव्हती. वहीत लिहिलंय तेवढं पुरे.

नवव्या दिवशी मी डाव्या कोपऱ्याकडे वळले. कसरीने खाल्लेला भाग गेला तो गेलाच. पण त्याच्या कडेला, डाग दाट होता त्या पदराच्या सुऱ्यांत मला काहीतरी वेगळं वाटलं. चित्र मोठं केलं. सुऱ्या उभ्या, आणि त्यांच्यावर चार आडव्या, जाडसर, फिकट रेघा. मी घडी पडली असेल म्हणून त्यांवर रफू करणारच होते. पण नियम आठवला.

"आजी, हे काय आहे?"

आजींनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. काही बोलल्या नाहीत. मुलगाच पुढे वाकून म्हणाला, "बाई, बोटं आहेत!"

चार इवलीशी बोटं. कुणीतरी छोट्याने आईचा पदर घट्ट धरला होता. मनगटापाशी कसरीने खाल्लेली कड सुरू होत होती, आणि त्यापलीकडे काही नाही.

"म्हनलं व्हतं ना, मी व्हते," आजी म्हणाल्या.

काकाला बोलावलं. तो बराच वेळ पडद्यासमोर उभा राहिला. मग त्याने सुचवलं, "एवढा हात आहे, तर ॲपकडून पुढची मुलगी करून घेऊ या का? आजीच्या नातीचा फोटो देऊ, तिच्यासारखी दिसेल." मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू? आजींचा लहानपणचा एकही फोटो नाही. मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी तवा कशी दिसत व्हते ते मलाच ठावं नाय. तुमच्या मशिनीला काय ठावं?"

आम्ही कोपरा साध्या राखाडी रंगाने भरला आणि तसाच सोडला.

माझ्या मुलांना हे पटवायला खोडदची दुर्बीण उपयोगी पडली. आपल्याच तालुक्यात, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ती ३० थाळ्यांची रेडिओ दुर्बीण तुम्ही पाहिली असेल. एकेक थाळी ४५ मीटर व्यासाची! विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या शेवटी, शाळांच्या सहली तिथे जातात. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ती पकडते. त्यात पृथ्वीवरच्या यंत्रांचा, मोबाईलचा गोंगाट मिसळतो. शास्त्रज्ञ काय करतात? गोंगाट झालेला भाग ओळखून काढून टाकतात. तिथे आपल्या मनाचा एखादा तारा बसवत नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या जुन्या चित्रपटांचीही अशीच डिजिटल दुरुस्ती होते. तिथलं काम ऐकून मात्र मला धडकी भरली. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं असतात. दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० चित्रं झाली. मला एका चित्राला अकरा दिवस लागले!

पालकांसाठी दोन शब्द. जुना फोटो ओल्या फडक्याने पुसू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका आणि 'टिकेल' म्हणून लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. चौकट करताना फोटो आणि काच यांच्यात जाड कागदाची किनार ठेवायला सांगा, म्हणजे फोटो काचेला चिकटणार नाही. भिंतीला ओल येत असेल, तर पावसाळ्यापुरता तो खाली काढा. सुट्ट्या फोटोंच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, अलगद, नाव आणि गाव लिहा. बॉलपेनाने लिहिलं तर पुढे उमटतं. आणि दुरुस्त केलेला फोटो आला म्हणून मूळ फोटो फेकू नका. उद्या कुणाला तरी त्यात आणखी काही सापडेल.

निमगावातला तो मूळ फोटो आता काचेसकट जाड कागदात गुंडाळून आजींच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत आहे. भिंतीवर नवी प्रत लागली आहे. पाहुणे आले की आधी विचारतात, "हा कोपरा असा मोकळा का?" मग आजी उठतात, काठीने त्या चार बोटांवर टेकवून दाखवतात आणि बेल्ह्याचा बाजार, काळं फडकं, भ्यालेली आई असं सगळं पहिल्यापासून सांगायला बसतात. चहा तोवर गार होतो.